एमसीजी, चौथा मजला, गोलच्या मागची सीट: कोण पळतंय आणि कोण नुसतं दिसतंय

दर वर्षी मार्च आला की डेपोतलं नाहीतर गणपतीत ओळख झालेलं कुणीतरी विचारतंच, "एकदा फुटी बघायचीय, कुठली सीट घेऊ?" फुटी म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल. विचारणाऱ्याच्या मनात खालची, कुंपणाला लागून असलेली सीट असते. मी सांगतो, वर जा. जिना जिथवर जातो तिथवर जा. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडचा, म्हणजे एमसीजीचा, चौथा मजला, गोलच्या बरोब्बर मागं, पंट रोडच्या बाजूला. तिथनं माणसं मुंगळ्याएवढी दिसतात, जुलैत वारा कानात शिरून मेंदूपर्यंत जातो, आणि तरी २०१७ पासून, कोविडचा काळ सोडला तर, मी तिथंच बसतोय. हा त्या सीटचा रिव्ह्यू समजा.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे मताला किती किंमत द्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा. मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर शेंगा खात मोठा झालो. मेलबर्नमध्ये ट्राम चालवतो, बहुतेक ७५ नंबरची, जी वेलिंग्टन परेडवरनं एमसीजीच्या शेजारनं जाते. रिचमंड या फुटी क्लबचा सभासद आहे तो चिरंजीवांमुळं. २०१७ साली शाळेतल्या पोरांनी त्याला पिवळ्या-काळ्या पट्ट्याचा मफलर गळ्यात घातला, आणि बापाला मागनं जावं लागलं.

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लांबोडका चेंडू, एका बाजूला अठरा माणसं, प्रत्येक टोकाला चार खांब. मधल्या दोन खांबांतनं लाथेनं घातला तर सहा गुण, बाजूच्या फटीतनं गेला तर एक. वीस मिनिटांचे चार क्वार्टर, पण थांबलेला वेळ धरून एकेक अर्ध्या तासाच्या घरात जातो. मैदान क्रिकेटचंच, साधारण १६० मीटर लांब. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यात ऑफसाइड नाही. कुणीही कुठंही उभं राहावं. म्हणजे चेंडू हातचा गेला की छत्तीसच्या छत्तीस माणसांना त्याच क्षणी ठरवावं लागतं, आता मागं पळायचं, की कमरेवर हात ठेवून दुसऱ्या कुणीतरी पळावं अशी वाट बघायची.

फुटीतली सगळी भांडणं या एका क्षणावर होतात.

टीव्हीवर हा क्षण दिसतच नाही. कॅमेरा चेंडूच्या मागं. चेंडूभोवतीचा पंचवीस-तीस मीटरचा तुकडा दिसतो, उरलेलं मैदान म्हणजे अंधार. घरी आम्ही पैसे भरून एक स्ट्रीमिंग घेतलंय, त्यावर तर गोल आधी शेजारच्याच्या बोंबलण्यातनं कळतो आणि मग पडद्यावर होतो. त्या तुकड्यात ज्याच्या हातात चेंडू जास्त वेळा दिसला तो भारी खेळला, असं घरच्या सोफ्याचं साधं गणित असतं. सोमवारी माझ्या ट्राममध्ये चढणारी निम्मी मंडळी याच गणितावर एखाद्याचं कौतुक करत असतात, नाहीतर उद्धार.

आमच्या ओळीत दोन पक्ष आहेत. एका पक्षात आमचे चिरंजीव. वय सतरा, हातात फोन, फोनमध्ये ॲप. दुसऱ्या पक्षात एक म्हातारी बाई, जिला आम्ही बापलेक आपापसात पेन्सिल आजी म्हणतो. सत्तरी ओलांडलेली, हातानं विणलेली टोपी, मांडीवर सामन्याची 'रेकॉर्ड' नावाची पुस्तिका, कानात रेडिओचा एकच इअरफोन आणि बोटात शिसपेन्सिलीचा तुकडा. केविन बार्टलेटला तरुणपणी खेळताना बघितलेली बाई. बार्टलेट रिचमंडकडनं ४०३ सामने खेळला, आणि हातातला चेंडू दुसऱ्याला द्यायला इतका नाखूश की लोकांनी नावच 'हंग्री' ठेवलं. १९८०च्या फायनलमध्ये सात गोल. "तो चेंडू देत नव्हता," आजी म्हणते, "पण चेंडू गेला की परत आणायलाही तोच पळायचा."

चिरंजीवांचं सगळं फँटसीवर चालतं. म्हणजे आपला कागदी संघ निवडायचा आणि खऱ्या सामन्यातल्या आकड्यांवर गुण मिळवायचे. लाथेला ३, हँडबॉलला, म्हणजे मुठीनं चेंडू देण्याला २, झेलाला ३, टॅकलला, म्हणजे चेंडूसकट माणूस धरण्याला ४, गोलला ६, फ्री किक दिली तर ३ वजा. आता बघा यातली गंमत. दोन पावलांवरच्या मित्राला हँडबॉल दिला, त्यानं परत दिला, की दोघांचे दोन-दोन गुण पक्के, चेंडू मात्र होता तिथंच. आणि एखादा बिचारा नव्वद मीटर उर फुटेस्तोवर पळत जाऊन समोरच्याला मोकळं होऊ देत नाही, तर त्याला भोपळा. कारण चेंडू त्याच्याकडं आलाच नाही. तो पळाला म्हणूनच आला नाही, हे ॲपला कोण सांगणार.

इथल्या स्टँडमध्ये यासाठी शब्द फार चांगले आहेत. 'सीगल' म्हणजे जो हाणामारीच्या बाहेर घिरट्या घालतो आणि सांडलेला सोपा चेंडू उचलून आकडे वाढवतो. आपल्याकडं आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तेच. रात्रीच्या सामन्याला एमसीजीवर खरेखुरे सीगल पक्षी पण उतरतात, दिव्याखालचे किडे खायला. चेंडू जवळ आला की थवाच्या थवा उडून दहा मीटर बाजूला बसतो. मग कुणीतरी हमखास ओरडतं, "त्यातला एक जर्सी घालून राहिलाय बघा!" दुसरा शब्द 'डाउनहिल स्कीअर', उताराला घसरगुंडी खेळणारा. संघ पाच गोलनं पुढं असला की हा वाघ, मागं पडला की हा दिसेनासा. हे दोन शब्द एखाद्या खेळाडूला चिकटले की सुटत नाहीत, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या वेळा चुकीच्या माणसाला चिकटतात. खालनं बघणारे चिकटवतात म्हणून.

वरनं काय दिसतं त्याचा एक नमुना देतो. गेल्या मोसमातला एक रविवार, तिसरा क्वार्टर, आम्ही मागं पडलेलो. आमचा एक तरुण मिडफिल्डर, नाव घेत नाही, पोरगं चांगलं आहे. चिरंजीव खूश, कारण तोवर त्याचे तेवीस डिस्पोजल झाले होते. डिस्पोजल म्हणजे लाथ आणि हँडबॉल मिळून. मैदानाच्या मध्यावर, डाव्या अंगाला, त्याच्याच साथीदाराच्या हातनं चेंडू सुटला. त्या क्षणी मी चेंडूकडं बघत नव्हतो, सवयीनं त्याच्याकडं बघत होतो. तो थांबला. हात कमरेवर. मान वर करून समोरच्या मोठ्या पडद्याकडं बघितलं, जणू काय झालं ते तिथं लिहून येणार होतं. त्याच्या बगलेतनं समोरचा माणूस सुटला तो सुटलाच. आमच्या गोलपर्यंत मोकळं रान. सहा गुण.

ॲपवर काय नोंद झाली? मागं न पळाल्याची काहीच नाही. तेवीसचे तेवीस शाबूत. चिरंजीव फोन दाखवत म्हणाला, "बाबा, गोल डिफेंडरमुळं झाला." आजीनं पुस्तिकेच्या समासात त्या पोराच्या नंबरापुढं एक छोटी आडवी रेघ मारली. काही बोलली नाही. मी मात्र न राहवून कोल्हापुरीत ओरडलो, "आरं, हल की! फोटो काढायला उभारलाईस व्हय?" पुढच्या ओळीतल्या माणसानं वळून बघितलं आणि अंगठा वर केला. भाषा कळली नसंल, भावना पोचली.

पण खरी गोष्ट पुढं आहे. चौथ्या क्वार्टरला पुन्हा तसाच चेंडू गेला, या वेळी उजव्या अंगाला. आणि तेच पोरगं पळालं. आमच्या सीटच्या थेट खाली येत होता, म्हणून सगळी धाव डोक्यावरनं दिसली. पहिले वीस मीटर जोरात, मग पाय जड, मग पुन्हा जोर. समोरचा गोलपासून तीस मीटरवर लाथ मारायच्या तयारीत. आमचा दोन पावलं कमी पडला, हात लागलाच नाही. पण मागनं येणाऱ्या बुटांचा आवाज समोरच्यानं ऐकला असणार, कारण त्यानं लाथ घाईनं मारली, आणि चेंडू बाजूच्या फटीतनं गेला. सहाच्या जागी एक. पाच गुण वाचले, आणि पोराच्या नावावर ॲपात ना टॅकल, ना लाथ, ना काही. तो गवतावर उताणा पडून छाती भरून श्वास घेत होता, आणि खालच्या मजल्यावरनं कुणीतरी ओरडलं, "ऊठ रे, आळशी!"

आजीनं रेघेवर एक उभी रेघ मारली. वजाचं अधिक झालं. खोडत ती कधी नाही.

चिरंजीवांनी माझ्याकडनं दुर्बीण मागून घेतली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

म्हणून मी म्हणतो, फॉर्म आणि मेहनत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या सीटवरनं त्या वेगळ्या दिसतात. फॉर्म म्हणजे लाथ सरळ जातेय, झेल हातात बसतोय, चेंडू कुठं पडणार ते आधी कळतंय. तो येतो-जातो. चांगल्या चांगल्यांचा महिनाभर जातो, त्यात शिवी देण्यासारखं काही नाही. मेहनत म्हणजे चेंडू नसताना काय करतोस. एक चांगला मिडफिल्डर सामन्यात बारा-तेरा किलोमीटर पळतो, त्यातला चेंडू हातात असतानाचा हिस्सा किती, तर फोडणीतल्या मोहरीएवढा. जर्सीच्या आत, दोन खवाटांच्या मधे, खेळाडूंना जीपीएसचं यंत्र असतं. क्लबला सगळं कळतं, कोण किती पळाला, कुठल्या मिनिटाला ढिला पडला. आपल्याला चौथ्या मजल्यावर जावं लागतं.

हे मला ज्यानं शिकवलं तो केन लँबर्ट. २३ नंबर. इथं बहुतेक पोरं अठराव्या वर्षी ड्राफ्टमधनं, म्हणजे क्लब पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात त्यातनं, उचलली जातात. हा व्हीएफएल या खालच्या लीगमध्ये खेळत राहिला, रुकी, म्हणजे नवशिका म्हणून घेतला गेला आणि पहिला मोठा सामना खेळला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. दिसायला साधा, अंगानं बेताचा. चिरंजीवांच्या फँटसी संघात त्याला कधी जागा मिळाली नाही. पण वरनं बघितलं की हा माणूस कायम कुठंतरी निघालेला असायचा. चेंडू उजवीकडं असला तर हा डावीकडं मोकळ्या जागेत पळतोय. तिकडं चेंडू आलाच नाही, की वळून परत. पुन्हा पळतोय. दहादा पळायचा तेव्हा एकदा चेंडू मिळायचा, आणि उरलेल्या नऊ वेळा त्याच्यामागं पळून समोरचा एक माणूस दमायचा. तीन विजेतेपदांत होता. २०२२ला खुब्याच्या दुखण्यानं खेळ सोडला तेव्हा आजीनं त्याच्याबद्दल एकच वाक्य सांगितलं, "याला टीव्हीवर बघणाऱ्यांनी कधी बघितलंच नाही."

२०१७चा रिचमंड आठवला की अजून अंगावर काटा येतो. आदल्या वर्षी तेरावे आलेले, शेवटच्या सामन्यात सिडनीकडनं ११३ गुणांनी मार खाल्लेला. लोक म्हणत होते प्रशिक्षक बदला, कप्तान बदला, सगळं बदला. आणि पुढच्या सप्टेंबरात ॲडलेडला ४८ गुणांनी हरवून सदतीस वर्षांनी कप. उंच फॉरवर्ड म्हणावा असा एकटा जॅक रीवोल्ट, आणि त्याच्याभोवती कॅस्टान्या, बटलर, डॅनियल रिओली अशी बुटकी, चपळ पोरं. समोरच्या डिफेंडरनं चेंडू उचलला रे उचलला की तिघं तीन बाजूंनी, गुऱ्हाळावर काकवीला झोंबणाऱ्या गांधीलमाश्यांसारखी. त्यांच्या लाथा वाकड्या जायच्या, सोपे गोल चुकायचे, आकडेवाले कपाळावर हात मारायचे. पण समोरच्याला चेंडू घेऊन दोन सेकंद उभं राहता येत नव्हतं. वरनं ते मोहोळ उठलेलं दिसायचं. फायनलचं तिकीट काही आपल्याला मिळालं नाही, ती घरीच बघितली, आणि पहिल्यांदा जाणवलं की टीव्ही किती कापून दाखवतो. २०१९ला पुन्हा जिंकले, ८९ गुणांनी, आणि २०२०ला ब्रिस्बेनच्या गॅबावर.

आता डस्टीवर यायलाच पाहिजे, नाहीतर हा रिव्ह्यू वाचणारे रिचमंडवाले मला सोडणार नाहीत.

डस्टिन मार्टिन. तीन फायनलमध्ये तीन वेळा सामनावीराचं नॉर्म स्मिथ पदक, असा दुसरा माणूस या खेळात नाही. अंगावर येणाऱ्याच्या छातीवर सरळ हात रोवून त्याला लांब ठेवायचा आणि पुढं निघून जायचं, त्या हाताला इथं 'डोन्ट आर्ग्यू' म्हणतात. वाद घालू नकोस. आणि गंमत म्हणजे शेवटच्या काही वर्षांत सगळ्यात जास्त वाद त्याच्यावरच. पळतो की नाही? मन आहे की नाही? १५ जून २०२४, हॉथॉर्नविरुद्ध त्याचा तीनशेवा सामना. ९२,३११ माणसं. तळाला असलेल्या संघासाठी. माझी त्या दिवशी सुट्टी होती, नसती तर मी घेतली असती. ट्रामवाल्या मित्रांनी नंतर सांगितलं, वेलिंग्टन परेडवर मफलरांची नदी वाहत होती.

रिचमंड हरलं. आणि आमच्या ओळीत सामनाभर भांडण. चिरंजीव म्हणत होता, "बाबा, तो उभा आहे. नुसता उभा आहे." आणि खरं होतं, उभा होता. तेहतिशीला टेकलेला माणूस, फॉरवर्डला उभा, मागं पळत नव्हता. चौथ्या मजल्यावरनं हे लपत नाही, ही सीट कुणाची भीड ठेवत नाही. मी पण मनात म्हटलं, लेका, आजच्या दिवशी तरी.

आजीनं पेन्सिलीनं मैदानाकडं दाखवलं. "त्याच्याकडं बघू नकोस. त्याच्या बाजूला कोण आहे बघ." बघितलं. एक डिफेंडर अंगाला चिकटलेला, आणि दुसरा पंधरा पावलांवर, चेंडूकडं अर्धं आणि डस्टीकडं अर्धं लक्ष ठेवून. दोन माणसं त्यानं नुसतं उभं राहून बांधून ठेवली होती. मोकळ्या झालेल्या जागेत आमची पोरं जात का नव्हती, तो प्रश्न वेगळा, आणि तो डस्टीला विचारायचा नव्हता. चिरंजीवांना हे अजून पटलेलं नाही. मला अर्धं पटलंय. त्यानं त्याच ऑगस्टमध्ये, ३०२ सामन्यांवर, खेळ सोडला, त्यामुळं हा खटला आता निकाल न लागताच कपाटात गेलाय. काढतो अधनंमधनं.

त्या २०२४च्या मोसमात रिचमंड तेवीसपैकी दोन सामने जिंकलं. तळाला राहिलं की पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळते, म्हणून अशा वर्षी स्टँडमध्ये एक वाईट कुजबुज सुरू होते, मुद्दाम हरताहेत का? आजी असल्या बोलण्यावर फार चिडते. तिला २००९ आठवतं. मेलबर्न नावाच्या क्लबविरुद्ध शेवटचा भोंगा वाजल्यावर रिचमंडच्या जॉर्डन मॅकमहननं गोल मारून सामना जिंकून दिला होता. दोन्ही संघ तळातले, आणि त्या मोसमातल्या मेलबर्नच्या वागण्याची पुढं चौकशी लागली. २०१३ला लीगनं, संघ मुद्दाम हरल्याचं सिद्ध होत नाही म्हणत, तरी पाच लाख डॉलरचा दंड लावला. आजीचं म्हणणं, क्लब काय ठरवतो ते ठरवू दे, मैदानावरचं एकोणीस वर्षांचं पोरगं हरायला पळत नाही. "वरनं बघ ना, दिसतं." सॅम लेलरला, त्या तळाच्या जागेमुळं मिळालेल्या पहिल्या निवडीच्या पोराला, २०२५च्या पहिल्याच सामन्यात कार्लटनविरुद्ध पळताना बघितलं तेव्हा मला तिचं पटलं. मोठ्या फरकानं मागं पडून आम्ही तो सामना जिंकलो. चिरंजीवांचा आवाज दोन दिवस बसला होता.

कोल्हापूरच्या लोकांना हे सगळं सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमला पाटाकडील तालमीचा नाहीतर शिवाजी तरुण मंडळाचा फुटबॉलचा सामना असला की पायऱ्यांवर बसलेल्या प्रत्येकाला प्रत्येक खेळाडूची तालीम, गल्ली, सकाळी किती वाजता उठतो आणि रात्री कुठल्या गाड्यावर बसतो ते माहीत असतं. तिथं हरलेल्याला माफी आहे, पाय आखडणाऱ्याला नाही. "गोल नाही झाला तर नाही, पण पळालास तरी का नाहीस?" हे वाक्य मी वडिलांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की इथं पहिल्यांदा गोऱ्या माणसाला तेच ओरडताना ऐकलं तेव्हा परकं काही वाटलंच नाही. फरक एवढाच की तिथं खेळाडू दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर भेटतो आणि उत्तर देतो.

आणि हे ट्रामवाल्याच्या चष्म्यातनंही आहे, कबूल करतो. आमच्याही डेपोत वेळेवर किती गाड्या धावल्या त्याचे टक्के लागतात. बाबागाडी घेऊन पळत येणाऱ्या बाईसाठी दार उघडं धरलं, त्याचा टक्का लागत नाही. चाळीस सेकंद उशीर तेवढा लागतो. म्हणून ॲपच्या आकड्यांवर माझा राग जरा जास्तच असेल. तेवढं वजा करून वाचा.

बाकीच्या सीटांचंही सांगतो, एकांगी नको. कुंपणाजवळची सीट वाईट नाही. तिथं हाडावर हाड आपटल्याचा आवाज येतो, आणि खेळाडू एकमेकांना ओरडून सावध करतात ते ऐकू येतं. जो बोलत नाही तो पण कामचोरच, हे मला तिथंच कळलं. पहिल्यांदा येणाऱ्या लहान पोरांना तिथंच न्या. पण चेंडू लांब गेला की शंभर मीटरवर काय चाललंय ते पुढच्याच्या टोपीआडनं बघावं लागतं. स्वान स्ट्रीटवरच्या एका पबात मी दोनदा बघितला, बिअर थंड, भांडणं गरम, दृश्य टीव्हीचंच. बाजूच्या, म्हणजे विंगच्या वरच्या सीटा महाग, आणि खेळ डावी-उजवीकडं टेनिससारखा दिसतो. गोलच्या मागनं मात्र मैदान पाटासारखं समोर मांडलेलं असतं, कुठं माणसं दाटलीत आणि कुठं भोक पडलंय ते एका नजरेत.

एक अडचण. कमी गर्दीच्या सामन्याला वरचा मजला उघडतीलच असं नाही. तेव्हा दुसऱ्या मजल्यावर बसावं लागतं, तिथं निम्मंच कळतं. उलट कॉलिंगवूड-कार्लटनविरुद्धच्या मोठ्या सामन्याला आरक्षणाशिवाय जाऊ नका. सभासद नसाल तर मोठ्या माणसाचं साधं तिकीट तीसेक डॉलरच्या आतबाहेर पडतं, सीझनभर जाणार असाल तर सभासदत्वच परवडतं.

यायचं कसं? आम्ही ग्लेन वेव्हर्लीवरनं थेट रेल्वेनं रिचमंड स्टेशन, तिथनं चालत दहा मिनिटं. शहरातनं येणार असाल तर ७५ची ट्राम. भेटलो तर घंटा वाजवीन. पायऱ्या उभ्या आहेत, चौथ्या मजल्याच्या वरच्या टोकाला तर शिडीच. आजी दोनदा थांबून चढते, हात धरलेला तिला चालत नाही. छत आहे त्यामुळं पाऊस सहसा लागत नाही, वारा लागतो. माकडटोपी आणा, लाजू नका, चौथ्या मजल्यावर फॅशन बघायला कुणी येत नाही.

खाण्याचं म्हणाल तर गरम 'मीट पाय', म्हणजे आत मांस भरून भाजलेली मैद्याची वाटी, आणि वर टोमॅटो सॉस, ही इथली रीत, एकदा खाऊन बघा. पण घरचं न्यायला एमसीजीवर परवानगी आहे, काच आणि कॅन तेवढे नकोत. आम्ही थालीपीठ आणि ठेचा नेतो. आजीनं पहिल्यांदा ठेचा खाल्ला तेव्हा डोळ्यांतनं पाणी आलं, रेडिओचा इअरफोन काढून ठेवला, आणि दुसऱ्या क्वार्टरला पुन्हा ठेचा मागून घेतला.

आणि कानांची तयारी ठेवा. समोरच्या संघाच्या माणसाला चेंडूसकट धरला की साठ-सत्तर हजार लोक एकदम "बॉऽऽऽल!" करून ओरडतात, पंचानं शिट्टी मारावी म्हणून. वर छताखाली तो आवाज साठतो आणि छातीत घुमतो. पहिल्यांदा मला वाटलं काहीतरी कोसळलं.

पाचपैकी चार. एक गुडघ्यांसाठी कापलाय. दुर्बीण घरनंच आणा, माझी मागू नका, ती आता चिरंजीवांच्या गळ्यात असते, आणि पहिल्या भोंग्यापासून शेवटच्यापर्यंत तो ती कुणाला देत नाही. आजीलाही नाही. ती पण आता सारखी विचारत असते, "कोण थांबलाय? नंबर सांग, नंबर."